झाकण कोणाच्या सहीने उघडतं?

एप्रिल २०२४ मधल्या एकाच आठवड्यात महाराष्ट्रात दोन ठिकाणी नऊ माणसं एकाच पद्धतीने, विषारी वायूने गुदमरून मेली. विरारच्या ग्लोबल सिटी भागात सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पाच्या टाकीत उतरलेले चार कामगार गेले. नगर जिल्ह्यात नेवासे तालुक्यातल्या वाकडी गावी शेणाच्या स्लरीने भरलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडलं. ते काढायला एक जण उतरला, त्याला काढायला दुसरा, मग तिसरा, असे एकामागोमाग सहा जण. पाच मेले. सहावा वाचला, कारण तो कमरेला दोर बांधून उतरला होता.

दोन्हीकडचा वायू एकाच जातीचा, तरी सरकारी कागदावर या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. तशीच टाकी एमआयडीसीतल्या कारखान्याच्या आवारात असेल तर ती औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या अखत्यारीत येते. रस्त्यावरचं मॅनहोल महापालिकेच्या मलनिस्सारण खात्याचं. बांधकाम चालू असलेल्या इमारतीतली पाण्याची टाकी असेल, तर बांधकाम कामगारांचे नियम. मार्च २०२५ मध्ये मुंबईत नागपाड्याला अशाच टाकीत चार मजूर गुदमरून गेले. सोसायटीची सेप्टिक टाकी असेल तर कायदा लागू आहे, पण तो घेऊन दारात येणारं कोणी नाही. आणि वाकडीसारखी शेतातली विहीर असेल तर तिच्याकडे बघणारं खातंच नाही.

बंदिस्त जागेतल्या कामाची सुरक्षा तपासणीच्या भरवशावर सोडता येणार नाही. काम दोन-तीन तासांचं असतं, बहुतेकदा रविवारी सकाळी उरकलं जातं, आणि संगणकाने निवडलेल्या यादीप्रमाणे वर्षाकाठी एखादी भेट देणाऱ्या तपासनिसाच्या नजरेला ते कधीच पडणार नाही. नियमाचा अंमल झाकणापाशी, झाकण उघडण्याआधी व्हायला हवा. तो करण्याचा अधिकार आणि न केल्याची जबाबदारी, दोन्ही वॉर्ड ऑफिसकडे हवी. ग्रामीण भागात ती ग्रामपंचायतीकडे हवी.

आधी आत नेमकं काय होतं ते पाहू, कारण नियम कुठे लागायला हवा ते त्यावरून ठरतं.

हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूचा सडक्या अंड्यासारखा वास हवेत एक पीपीएमपेक्षाही कमी प्रमाण असताना येतो. (पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत एक भाग.) आठ तासांच्या पाळीसाठी १९४८ च्या कारखाना कायद्याच्या परिशिष्टातली मर्यादा १० पीपीएम होती आणि पंधरा मिनिटांसाठी १५. प्रमाण १०० च्या आसपास गेलं की काही मिनिटांत नाक बधिर होतं आणि वास येणं थांबतं. आत उतरलेल्याला वाटतं, वास गेला म्हणजे वायू निघून गेला. सातशे ते हजार पीपीएमला एक-दोन श्वासांत माणूस कोसळतो, ओरडायलाही वेळ मिळत नाही. हा वायू हवेपेक्षा किंचित जड असल्यामुळे तळाशी साचतो. मिथेन हलका, तो झाकणाखाली जमतो आणि हवेत ५ ते १५ टक्के असेल तर ठिणगीने पेट घेतो. शिवाय बंद टाकीत ऑक्सिजन घटलेला असतो. बाहेरच्या हवेत तो २०.९ टक्के असतो, १९.५ च्या खाली माणसाने उतरू नये आणि दहाच्या खाली माणूस शुद्धीवर राहत नाही.

सगळ्यात फसवी गोष्ट पुढे आहे. टाकी शांत असताना झाकण उघडून मोजमाप घेतलं तर आकडा अनेकदा चांगला येतो. वायू गाळात अडकलेला असतो. माणूस खाली जातो, गाळावर पाय देतो, फावड्याने थर फोडतो, आणि तेव्हा तो बुडबुड्यांनी सुटतो. शून्याचा आकडा मिनिटाभरात शेकड्यांवर जातो. म्हणून उतरण्यापूर्वी एकदा मोजलं एवढ्यावर भागत नाही. चार वायूंचा डिटेक्टर (ऑक्सिजन, ज्वलनशील वायू, हायड्रोजन सल्फाइड, कार्बन मोनॉक्साइड) काम संपेपर्यंत माणसाच्या छातीवर चालू हवा. त्याआधी तो दोरीने सोडून वर, मध्ये आणि तळाशी, तिन्ही ठिकाणी वाचन घ्यायला हवं. त्याचे सेन्सर दोन-तीन वर्षांत निकामी होतात, त्यामुळे कपाटातून काढलेला जुना डिटेक्टर शून्य दाखवतो आणि सगळ्यांना तो शून्य खरा वाटतो. रोज वापरण्यापूर्वी माहीत असलेला वायू त्यावर सोडून तो बोंबलतो की नाही ते तपासावं लागतं. हे न करणारा ठेकेदार डिटेक्टर केवळ बिलासोबतच्या फोटोसाठी आणतो.

पेटता कंदील सोडून पाहण्याची जुनी पद्धत अजून चालते. ऑक्सिजन सोळा-सतरा टक्क्यांवर आला की ज्योत विझते हे खरं, पण हायड्रोजन सल्फाइडचं त्या ज्योतीला काही कळत नाही आणि मिथेन असेल तर स्फोट होतो. टाकीच्या तोंडाशी पेट्रोलचा पंप ठेवणं तितकंच घातक. त्याचा धूर खाली उतरतो आणि कार्बन मोनॉक्साइडची भर पडते.

आता प्रश्न असा, की माणूस आत जातोच कशाला? सक्शन गाडी आहे, पाइप आहे, व्हॅक्यूम आहे. उत्तर गाळाच्या वयात आहे. सेप्टिक टाकी दोन-तीन वर्षांनी उपसली तर आतला गाळ पातळ असतो आणि गाडी तो ओढून घेते. आठ-दहा वर्षं ती तशीच राहिली, की खालचा थर आवळून मातीच्या चिखलासारखा घट्ट होतो आणि वर तेलाची, साबणाची कडक साय धरते. पाइप पाणी ओढतो, गाळ तिथेच राहतो. टाकी पुन्हा तुंबते, सोसायटी पैसे अडवते, आणि मग गाडीवाला म्हणतो, ‘एक पोरगा उतरवून खरवडून घेतो.’ खोली हेही एक कारण. व्हॅक्यूमने पाणी जास्तीत जास्त दहा मीटर वर चढतं, प्रत्यक्षात सात-आठ. त्यात गल्ली अरुंद असेल आणि गाडी चाळीस मीटर लांब उभी असेल, तर पाइपातल्या घर्षणात उरलेला जोर जातो.

म्हणजे रविवारी सकाळी टाकीत उतरणाऱ्या माणसाचा मृत्यू त्याआधीच्या आठ वर्षांत तयार होत असतो. त्या आठ वर्षांत टाकी एकदाही उपसली नाही हे कोणाच्या नोंदीत नसतं, हीच अंमलबजावणीतली खरी भेग आहे. साताऱ्यातल्या वाई आणि नाशिकमधल्या सिन्नर या दोन नगरपरिषदांनी २०१८ च्या सुमारास ठरलेल्या वेळापत्रकाने दर तीन वर्षांनी प्रत्येक टाकी उपसायला सुरुवात केली. मालकाने तुंबल्यावर फोन करायचा ही पद्धत सोडली. टाक्यांची यादी केली, वॉर्डवार फेरी ठरवली आणि पैसे घरोघरी रोख घेण्याऐवजी करातून उभे केले. हे काम स्वच्छतेचं म्हणून ओळखलं जातं. आमच्या मते ते आधी कामगार सुरक्षेचं आहे, कारण तीन वर्षांच्या गाळात माणूस उतरवण्याची गरज पडत नाही. छोट्या नगरपरिषदेला जमलं ते वसई-विरार, पिंपरी-चिंचवड किंवा पुण्याच्या नव्याने जोडलेल्या गावांत न जमण्याचं कारण दिसत नाही. प्रत्येक इमारत मालमत्ता कराच्या यादीत आहे. टाकी कुठे आहे ते भोगवटा प्रमाणपत्रासोबतच्या नकाशात आहे. दोन्ही कागद एकाच इमारतीत, दोन मजल्यांच्या अंतरावर पडून असतात.

कायदा कमी नाही. हाताने मैला सफाईला बंदी घालणारा २०१३ चा अधिनियम सांगतो, की कोणतीही व्यक्ती, स्थानिक संस्था किंवा एजन्सी थेट किंवा आडमार्गाने कोणाला मलवाहिनीच्या वा सेप्टिक टाकीच्या धोकादायक सफाईला लावणार नाही. ‘व्यक्ती’ या शब्दात सोसायटीचे सेक्रेटरी येतात, बिल्डर येतो, हॉटेलमालक येतो. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा घडल्यास पाच वर्षं आणि पाच लाखांपर्यंत. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. नियमांनुसार मलवाहिनीत माणूस उतरवायचा तो मोजक्या अपवादांत, उदाहरणार्थ तळाशी बसवलेला पंप काढायचा असेल तेव्हा. याखेरीज अगदीच अपरिहार्य असेल, तर स्थानिक संस्थेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याने कारणं नोंदवून लेखी परवानगी द्यायची. महापालिकेत ही सही आयुक्तांची, नगरपरिषदेत मुख्याधिकाऱ्यांची. प्रत्यक्षात झाकण उघडतं ते मुकादमाच्या एका फोनवर.

याच कायद्यात एक बारीक कलम आहे, ज्याकडे फार कमी लोक बघतात. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत तक्रार झाली तरच न्यायालय दखल घेतं. घरात मृत्यू झालेला, कुटुंब गावी गेलेलं, पोलिसांनी आधी अकस्मात मृत्यूची नोंद केलेली, मग शवविच्छेदनाच्या आणि व्हिसेराच्या अहवालाची वाट. तेवढ्यात नव्वद दिवस उलटतात. उरतो तो निष्काळजीपणाने मृत्यूचा गुन्हा, आणि त्यातही आरोपी बहुतेकदा तो छोटा उपठेकेदार असतो, जो कधीकधी स्वतःच टाकीत मेलेला असतो. काम देणारा, काम करून घेणारा आणि परवानगी न विचारणारा, तिघेही कागदाबाहेर राहतात.

म्हणून पोलीस ठाण्याच्या पातळीवर काही गोष्टी ठरलेल्या हव्यात. पहिल्याच दिवशी २०१३ च्या अधिनियमाची कलमं लावायची. मृत व्यक्ती अनुसूचित जातीची असेल तर अत्याचार प्रतिबंधक कायद्यातलं मैला सफाईविषयीचं कलमही तपासायचं. पंचनाम्यात टाकीची लांबी-रुंदी-खोली, झाकणाचं माप, जागेवर मिळालेली आणि न मिळालेली साधनं लिहायची, आणि अग्निशमन दलाने घेतलेलं वायूचं वाचन वेळेसह जोडायचं. वर्क ऑर्डर, पैशाचा व्यवहार, काम ठरवताना झालेले फोन आणि मेसेज त्याच दिवशी ताब्यात घ्यायचे. दोन दिवसांनी टाकी धुतलेली असते आणि वर्क ऑर्डरवर जुनी तारीख पडलेली असते. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली, कायमच्या अपंगत्वासाठी किमान २० लाख. ही रक्कम विधवेने खेटे घालून मागायची गोष्ट नाही. पंचनाम्याबरोबरच तिचा प्रस्ताव निघायला हवा.

पण हे सगळं मृत्यूनंतरचं. आधीचं काम एका पानाच्या परवान्यात बसतं. टाकीचा पत्ता आणि शेवटच्या उपशाची तारीख. गाडीने का होत नाही त्याचं कारण. आत जाणाऱ्याचं आणि बाहेर थांबणाऱ्या दोघांचं नाव. नियमाप्रमाणे किमान तिघे हवेत आणि त्यातला एक पर्यवेक्षक. वायूची तीन पातळ्यांवरची वाचनं, वेळ घालून. ब्लोअर (टाकीत ताजी हवा फेकणारा पंखा) कधी सुरू झाला. सुटकेची व्यवस्था काय. खाली कनिष्ठ अभियंत्याची सही, तीही प्रत्यक्ष झाकणापाशी उभं राहून केलेली. गाडीने उपसणाऱ्याला हा परवाना लागू नये. तो केवळ माणूस उतरवायचा असेल तर लागावा. म्हणजे मशीनचा रस्ता सोपा राहील आणि माणसाचा अवघड होईल. आज नेमकं उलटं आहे, पाचशे-हजारात उतरणारा माणूस मशीनपेक्षा स्वस्त पडतो.

‘आणखी एक परवाना म्हणजे आणखी एक खाबूगिरी’ हा आक्षेप येईल, आणि तो टाळण्यासारखा नाही. त्यावर उपाय परवाना रद्द करणं हा नाही. परवाना त्याच दिवशी वॉर्डाच्या संकेतस्थळावर आणि टाकीशेजारच्या भिंतीवर लागावा. पत्ता, वाचनं आणि सहीसकट तो उघड्यावर असला, तर चहाच्या टपरीवरचा माणूसही विचारू शकतो की ब्लोअर कुठे आहे.

दुसरा आक्षेप अधिक ऐकू येतो: कामगारच साधनं वापरत नाहीत. हे खरं आहे, आणि याची कारणं साधनांत आणि मजुरीत आहेत. मॅनहोलचं तोंड साधारण दोन फुटांचं. पाठीवर सिलिंडर असलेला श्वसन संच घालून त्यातून उतरताना माणूस अडकतो, म्हणून तो संच काढून ठेवतो. अशा ठिकाणी बाहेरून नळीने हवा पुरवणारा मुखवटा लागतो. निविदेत मात्र नुसतं ‘मास्क’ लिहिलेलं असतं आणि धुळीचा कापडी मास्क येतो, जो वायूला अजिबात अडवत नाही. कमरेचा दोर वाकडीच्या उघड्या विहिरीत कामी आला. दोन फुटांच्या भोकातून मात्र कमरेला बांधलेला बेशुद्ध माणूस दुमडतो आणि तोंडाशी अडकतो. तिथे खांद्यामागे कडी असलेला पूर्ण अंगाचा हार्नेस आणि वर तिपाईला लावलेलं विंच (दोर गुंडाळून वर ओढणारी चरखी) हवं. साठ-पासष्ट किलोचं निपचित शरीर दोघांनी हाताने सरळ वर ओढणं जवळपास अशक्य असतं, आणि ते जमत नाही म्हणूनच वरचा माणूस खाली उडी मारतो.

मजुरीचं गणित तर साधं आहे. पैसे टाकीमागे ठरतात, तासावर नाही. चार मीटर लांब, दोन मीटर रुंद, दोन मीटर खोल टाकीत सोळा घनमीटर हवा असते. तासाला सहाशे घनमीटर हवा फेकणारा ब्लोअर मिनिटाला दहा घनमीटर देतो, म्हणजे पंधरा मिनिटांत आतली हवा नऊएक वेळा बदलते. एवढं पुरेसं आहे, फक्त नळी तळापर्यंत गेली पाहिजे आणि ब्लोअर टाकीतून निघालेलीच हवा परत ओढत नसला पाहिजे. पण ही पंधरा मिनिटं, मोजमापाची दहा, हार्नेस चढवण्याची पाच, सगळी कामगाराच्या खिशातून जातात. दरपत्रकात ‘सुरक्षा तयारी’ असा वेगळा दर लिहून तो दिला, तर किती जण साधनं नाकारतात ते कळेल. सर्वांत कमी बोली लावणाऱ्याला काम देताना ज्याने ब्लोअर आणि तिसरा माणूस धरलाच नाही तोच जिंकतो, हे निविदा उघडणाऱ्या टेबलावर सगळ्यांना माहीत असतं.

साधनं प्रत्येक छोट्या ठेकेदाराने विकत घ्यावीत ही अपेक्षाही चूक आहे. तिपाई, विंच, दोन हार्नेस, ब्लोअर, दोन डिटेक्टर आणि नळीचे दोन हवा-संच हा सगळा सरंजाम एका साध्या चारचाकीच्या किमतीत बसतो. तो प्रत्येक वॉर्डात एक ठेवावा, भाड्याने द्यावा, आणि त्याच्याबरोबर तो चालवणारा शिकलेला माणूस पाठवावा.

इथे सर्वांत अवघड गाठ येते. मॅनहोल महापालिकेचं, ठेका महापालिकेचा, आणि गुन्हा कोणी केला ते ठरवणारी नजरही महापालिकेचीच. ज्या अभियंत्याने वर्क ऑर्डर काढली तोच परवान्यावर सही करणार असेल, तर स्वतःच्या कामात तो खोट काढणार नाही. खासगी टाक्यांसाठी वॉर्ड ऑफिस ठीक आहे. महापालिकेच्या स्वतःच्या कामांवर मात्र जिल्हाधिकाऱ्यांकडचा किंवा औद्योगिक सुरक्षा संचालनालयाचा माणूस हवा, आणि त्याला जागेवर काम थांबवण्याचा अधिकार हवा. कायद्याने जिल्हा आणि उपविभाग पातळीवर दक्षता समित्या आधीच सांगितल्या आहेत. त्यांच्या बैठकीत वॉर्डवार परवान्यांची संख्या आणि नाकारलेल्या परवान्यांची संख्या ठेवली, तर समितीला बोलायला काहीतरी मिळेल. एकही परवाना न मागितलेला वॉर्ड हा सुरक्षित वॉर्ड नसतो. तिथे झाकणं विनापरवाना उघडत असतात.

कारखान्यांच्या बाजूला परिस्थिती उलट दिशेने सरकते आहे. १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या कलम ३६ मध्ये बंदिस्त जागेत उतरण्यापूर्वी सक्षम व्यक्तीचा लेखी दाखला किंवा श्वसनयंत्र आणि बाहेरच्याच्या हाती दोराचं टोक, हे स्पष्ट होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने घेतली, आणि केंद्रीय कायद्यातली विजेवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्या दहा कामगारांवरून वीसवर गेली. बारा माणसांच्या रंगकाम युनिटमागची सांडपाण्याची टाकी लहान असली तरी आतला वायू तेवढाच विषारी असतो. धोकादायक कामांना कामगारसंख्येची अट न लावता संहिता लागू करण्याची वाट तिच्यात ठेवलेली आहे. बंदिस्त जागेतलं प्रत्येक काम त्या अधिसूचनेत यावं, ही मागणी कामगार संघटनांनी आणि उद्योजकांच्या संघटनांनी मिळून करायला हरकत नाही.

तोवर वॉर्ड ऑफिसला उद्यापासून करता येण्यासारखं एक काम आहे, आणि त्याला कोणाची मंजुरी लागत नाही. प्रत्येक टाकीच्या आणि प्रक्रिया प्रकल्पाच्या झाकणाशेजारी पिवळ्या रंगात चार ओळी रंगवायच्या: आत उतरू नये. वास येत नसला तरी वायू असतो. माणूस आत पडल्यास मागोमाग उतरू नका, बाहेरून हवा सोडा आणि १०१ ला फोन करा. शेवटचा उपसा: महिना, वर्ष.